शंका होती, पण ती १७व्या पानावर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत असं सांगून अमेरिकेने मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू केलं. तशी शस्त्रं सापडली नाहीत. मग जगातल्या नावाजलेल्या वर्तमानपत्रांना, त्यांच्या मुरलेल्या वार्ताहरांना हे आधी कळलं कसं नाही? ते विकले गेले होते का? आणि त्यांच्या जागी तुम्ही असता, तर नेमकं काय करायला हवं होतं?

मी बरीच वर्षं परदेशी बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत. त्या महिन्यांतल्या बातम्या माझ्या हातून गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विकले गेले नव्हते. तसं मानलं की आपण फार स्वस्तात सुटतो, कारण मग ती काही वाईट माणसांची गोष्ट होते आणि आपला तिच्याशी संबंध उरत नाही. त्या बातम्या लिहिणारे बहुतेक जण कष्टाळू होते, काहींना मोठे पुरस्कार मिळालेले होते. ‘कळलं नाही’ हेसुद्धा अर्धवट खरं आहे. शंका घेणारे अधिकारी होते, शास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं छापूनही आलं होतं. ते कुठे छापलं गेलं, तिथून सुरुवात करू.

८ सप्टेंबर २००२, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी आली की इराक खास प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या हजारो नळ्या मिळवायच्या प्रयत्नात आहे, आणि त्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे शेवटी अणुबॉम्बसाठी आहेत असं अमेरिकी अधिकाऱ्यांचं मत आहे. अधिकाऱ्यांची नावं नव्हती. त्याच दिवशी सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी एनबीसीवर मुलाखतीला बसले आणि नळ्यांबद्दल बोलताना त्यांनी त्या सकाळच्या ‘टाइम्स’चाच हवाला दिला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलीझा राइस सीएनएनवर म्हणाल्या की ठोस पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात समोर यायला नको. सरकारमधल्या लोकांनी नाव न सांगता माहिती दिली, वर्तमानपत्राने ती छापली आणि सरकारने वर्तमानपत्राकडे बोट दाखवून तीच माहिती देशाला ऐकवली. घरी बसून बघणाऱ्या माणसाला वाटलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट कळतेय. ठिकाण एकच होतं.

सेंट्रिफ्यूजमधलं खरं ज्ञान अमेरिकेत कुणाकडे होतं? ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांतल्या तज्ज्ञांकडे. त्यांचं मत २००१ पासून वेगळं होतं. नळ्यांची मापं आणि धातूची जात इराक आधीपासून बनवत असलेल्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटांशी जुळते, सेंट्रिफ्यूजसाठी त्या सोयीच्या नाहीत, असं ते सांगत होते. ही माणसं मंत्रालयाच्या वरच्या मजल्यावर बसत नव्हती, टीव्हीवर दिसत नव्हती आणि त्यांना भेटायचं तर वार्ताहराला वाट वाकडी करावी लागली असती.

आता पानांचे आकडे बघा. पहिल्या बातमीनंतर पाचच दिवसांनी ‘टाइम्स’च्या त्याच वार्ताहरांना कळलं की नळ्यांबद्दल गुप्तचर यंत्रणांमध्येच मतभेद आहेत. ही शंका १३व्या पानावरच्या बातमीत खोलवर आली, आणि आधीच्या बातमीत काही बदल होतोय याचा मथळ्यात मागमूस नव्हता. १९ सप्टेंबरला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तज्ज्ञांच्या शंका छापल्या, १८व्या पानावर. जानेवारी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेच नळ्यांच्या दाव्याला आव्हान दिलं. ‘टाइम्स’मध्ये ती बातमी १०व्या पानावर. आणि १६ मार्च २००३ ला, युद्धाला जेमतेम तीन-चार दिवस उरले असताना, ‘पोस्ट’चे जुने जाणते वार्ताहर वॉल्टर पिंकस यांची बातमी आली की सरकारकडे शस्त्रांबद्दल नेमकी माहितीच नाही. ती छापून यायलासुद्धा ‘पोस्ट’मधलेच नामवंत पत्रकार बॉब वुडवर्ड यांना शब्द टाकावा लागला. पान १७.

दावा पहिल्या पानावर, शंका आत. पुढे ‘पोस्ट’ने स्वतःचीच झाडाझडती घेतली तेव्हा आकडा निघाला : ऑगस्ट २००२ पासून युद्ध सुरू होईपर्यंत इराकविरोधी सरकारी वक्तव्यांवर बेतलेल्या १४० हून अधिक बातम्या त्यांच्या पहिल्या पानावर लागल्या होत्या. वाचक पेपर कसा वाचतो हे डेस्कवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. मथळा, पहिले दोन परिच्छेद, आणि पान उलटून क्रिकेट. १७व्या पानावरची शंका कुणी शोधून वाचेल, या भरवशावर पान लावता येत नाही.

असं का होतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पहिल्या पानासाठी बैठकीत बातमी मांडावी लागते. ‘उपाध्यक्ष म्हणतात, इराक अणुबॉम्ब बनवतोय’ हे एका वाक्यात मांडून होतं. ‘काही तज्ज्ञांना, ज्यांची नावं देता येत नाहीत, वाटतं की पुरावा पुरेसा नाही’ हे मांडताना तुमचा आवाज आपोआप खाली येतो. समोरचा विचारतो, म्हणजे शस्त्रं नाहीत असं म्हणायचंय का तुला? प्रामाणिक वार्ताहर म्हणतो, तसं मी म्हणू शकत नाही, मला एवढंच दिसतंय की पुरावा कच्चा आहे. तिथेच बातमी आत जाते. पुरावा कच्चा असणं हीच तेव्हाची सगळ्यांत मोठी बातमी होती, कारण त्याच पुराव्यावर युद्ध उभं राहत होतं. पण ‘काहीतरी आहे’ ही बातमी आणि ‘काहीतरी नक्की नाही’ ही कुरबुर, असं आमच्या धंद्याच्या अंगात मुरलेलं आहे.

दुसरं कारण आमच्या समतोलाच्या कल्पनेत आहे. दोन्ही बाजू द्या, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. दुसरी बाजू कोणती? तर विरोधी पक्ष. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे बडे नेते बाजूने होते. संसदेत वाद मिटला तसा वर्तमानपत्रांतलाही मिटला, कारण आमच्या वादाची कुंपणं संसदेच्या कुंपणावरच घातलेली असतात. त्यात ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या देशप्रेमावर संशय घेतला जात होता. या दडपणाबद्दल फार लिहिलं गेलंय, मी त्यावर थांबत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते चांगल्या वार्ताहरालाही फसवतं. दोन स्रोतांकडून खातरजमा केल्याशिवाय छापायचं नाही, हा आमचा नियम. अहमद चलाबी यांची ‘इराकी नॅशनल काँग्रेस’ ही सद्दामविरोधी संघटना इराकमधून पळून आलेल्या माणसांना एकीकडे पत्रकारांसमोर उभं करत होती आणि दुसरीकडे अमेरिकी यंत्रणांसमोर. या संघटनेच्या माहिती गोळा करण्याच्या कामाला पैसा अमेरिकी सरकारचाच होता. वार्ताहर फरारी माणसाची मुलाखत घ्यायचा, मग वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याला विचारायचा, खरं आहे का? अधिकारी म्हणायचा, हो, आमच्याकडेही असंच आलंय. आलेलं असायचं त्याच माणसाकडून. नियम पाळला गेला, वहीत दोन स्रोत लिहिले गेले, पण विहीर एकच. या संघटनेने २००२ च्या जूनमध्ये सिनेटच्या समितीला एक यादी दिली होती : आपल्या माहितीवर आधारलेले इंग्रजी माध्यमांतले १०८ लेख आणि बातम्या. पैसे देणाऱ्यांना कामगिरी दाखवायची होती, म्हणून ती यादी तयार झाली.

अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत केलेलं भाषण याच जातीचं. ट्रकवर बसवलेल्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांबद्दल सांगताना ते म्हणाले की ही माहिती प्रत्यक्षदर्शी इराकी अभियंत्याची आहे. आपण मांडतोय ती निव्वळ विधानं नव्हेत, भक्कम माहितीवर आधारलेली तथ्यं आहेत, हेही त्यांनी बजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या अग्रलेखाचा मथळा एका शब्दाचा होता : निर्विवाद. तो अभियंता म्हणजे जर्मनीत आश्रय घेतलेला माणूस, यंत्रणांच्या भाषेत ‘कर्व्हबॉल’. त्याची चौकशी जर्मन करत होते, अमेरिकेला अहवाल मिळत होते, आणि सीआयएने त्याला समोर बसवून प्रश्न विचारले ते युद्धानंतर वर्षभराने, २००४ मध्ये. त्याने सांगितलेल्या एका जागी संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक भाषणानंतर तीनच दिवसांनी जाऊन आले. त्याच्या सांगण्याप्रमाणे जिथून ट्रक आत जात, तिथे भिंत होती. २०११ मध्ये त्याने ‘गार्डियन’ला स्वतःच सांगितलं की आपण खोटं बोललो होतो.

‘गुप्त माहिती होती, पत्रकार ती तपासणार कशी?’ असं तुम्हाला कुणी म्हणेल. सीआयएची फाईल आपल्याला कुणी दाखवत नाही, हे खरंच. पण ‘या माणसाला तुमच्यापैकी कोण भेटलंय?’ हा प्रश्न विचारायला फाईल लागत नाही. उत्तर देणार नाही म्हणाले, तर तेवढंच दुसऱ्या परिच्छेदात लिहायचं.

आणि सगळंच गुप्त नव्हतं. ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी २००३ च्या सुरुवातीला इराकवर एक दस्तऐवज काढला. पॉवेल यांनी आपल्या भाषणात त्याची तारीफ केली. तो सगळ्यांना वाचायला खुला होता. केंब्रिज विद्यापीठातले एक अध्यापक, ग्लेन रंगवाला, यांनी तो वाचला आणि त्यांना वाटलं, हे आपण आधी कुठेतरी वाचलंय. पानंच्या पानं इब्राहिम अल-मराशी या संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून उचललेली होती. मूळ लेखातला चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविरामसुद्धा तसाच आला होता. बदललं होतं ते असं : मूळ लेखात इराकी गुप्तचर खातं परकी दूतावासांवर ‘लक्ष ठेवतं’ असं होतं, सरकारी कागदात ते ‘हेरगिरी करतं’ झालं. शत्रू राजवटींतल्या ‘विरोधी गटांना मदत’ हे शब्द जाऊन ‘दहशतवादी संघटनांना पाठबळ’ आलं. चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीने ही गोष्ट उजेडात आणली. दोन कागद शेजारी ठेवून वाचण्यापलीकडे यात काही नव्हतं. तो दस्तऐवज शेकडो पत्रकारांच्या हातात होता.

आफ्रिकेतल्या नायजर देशातून इराकने युरेनियम घ्यायचा प्रयत्न केला, या दाव्यामागची कागदपत्रंही तशीच. ती अणुऊर्जा संस्थेच्या हाती आली आणि फार वेळ न जाता बनावट ठरली. त्यातल्या एका २००० सालच्या पत्रावर जी सही होती, ते गृहस्थ १९८९ मध्येच मंत्रिपदावरून गेले होते. ७ मार्च २००३ ला त्या संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बारादेई यांनी सुरक्षा परिषदेत हे जाहीरपणे सांगितलं. युद्ध थांबलं नाही.

ही पहिली वेळ होती का? मुळीच नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये ‘नायिरा’ एवढंच नाव सांगितलेल्या १५ वर्षांच्या मुलीने अमेरिकी काँग्रेस सदस्यांसमोर रडत सांगितलं की कुवेतमधल्या रुग्णालयात इराकी सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर मरायला टाकलं. अध्यक्षांपासून सगळ्यांनी ती हकिगत पुन्हा पुन्हा सांगितली. ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीने कुवेतसाठी चालवलेल्या मोहिमेचा भाग होती, हे उघड झालं जानेवारी १९९२ मध्ये, १९९१ चं आखाती युद्ध संपून जवळपास वर्ष उलटल्यावर. ‘या मुलीचं आडनाव काय?’ हा प्रश्न त्या दालनातून बाहेर पडलेल्या कुणीही लावून धरला नाही.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यातच तुमच्या ‘काय करायला हवं होतं’चं उत्तर आहे. नाइट रिडर नावाच्या वृत्तपत्र समूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयात जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे दोन वार्ताहर होते, जॉन वॉलकॉट त्यांचे प्रमुख. ‘टाइम्स’ची नळ्यांची बातमी यायच्या दोनच दिवस आधी त्यांनी लिहिलं की इराकबद्दल ठोस पुरावा नसल्याने खुद्द सरकारमधलेच वरिष्ठ अधिकारी अस्वस्थ आहेत. त्यांना मंत्री भेटत नसत. मोठ्या मुलाखती त्यांच्या वाट्याला येत नसत. म्हणून ते मधल्या फळीतल्या लोकांकडे गेले : विश्लेषक, लष्करी अधिकारी, तज्ज्ञ. ज्यांना निर्णयाचं श्रेय मिळणार नव्हतं आणि ज्यांच्या टेबलावर मूळ कागद होते, अशी माणसं. वॉलकॉट यांनी पुढे सांगितलं की आमचे वाचक युद्धाचे निर्णय घेणारे नव्हते, ज्यांच्या घरची मुलं लढायला जाणार होती ते होते. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरात, लष्करी तळाच्या शेजारी, त्यांच्या समूहाचा पेपर निघत असे.

तरी त्यांच्या बातम्यांचा परिणाम झाला नाही. समूहाचा पेपर ना वॉशिंग्टनमध्ये होता, ना न्यूयॉर्कमध्ये, आणि त्यांच्याच समूहातल्या काही पेपरांनी त्या बातम्या लावल्या नाहीत. ‘टाइम्स’मध्ये नाही, मग ही खरी कशी, असा तो हिशेब. हे वाचून मला आजही वाईट वाटतं, कारण तो हिशेब मीही केलेला आहे.

५ फेब्रुवारी २००३ ला मी रात्रपाळीला होतो. न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आपली रात्र. पॉवेल बोलत होते आणि एजन्सीची कॉपी, म्हणजे वृत्तसंस्थेचा मजकूर, तुकड्यातुकड्यांनी येत होती. इंग्रजी कॉपीत दर दुसऱ्या वाक्याला ‘पॉवेल म्हणाले’ असतं. मराठीत तसंच ठेवलं तर वाचताना खडे लागतात, म्हणून आम्हाला शिकवलेलं असतं की पहिल्या परिच्छेदात एकदा ‘पॉवेल यांनी सांगितले’ लिहा, पुढचं सरळ वाक्यांत येऊ द्या. मी तेच केलं. पहिल्या परिच्छेदात इराककडे फिरत्या प्रयोगशाळा ‘असल्याचे पॉवेल यांनी सांगितले’, आणि तिसऱ्या परिच्छेदापासून त्या प्रयोगशाळा नुसत्याच ‘आहेत’. कुणी सांगितलं हे गळून पडलं. बातमी घोटीव झाली आणि दावा वस्तुस्थिती झाला, माझ्या हाताने, वीस मिनिटांत.

आपल्या बातम्यांतली क्रियापदं पाहा. ‘स्पष्ट केले’, ‘उघड केले’, ‘निदर्शनास आणले’, ‘दाखवून दिले’. यातलं प्रत्येक क्रियापद सांगतं की जे बोललं गेलं ते खरं आहे. मंत्र्याच्या वाक्याला ‘स्पष्ट केले’ आणि त्याला आक्षेप घेणाऱ्याच्या वाक्याला ‘दावा केला’ लावलं, की निकाल आपणच देऊन बसतो. ‘इराकची शस्त्रे’ आणि ‘इराककडे असल्याचा आरोप असलेली शस्त्रे’ यांत मथळ्याच्या जागेचा प्रश्न येतो हे मला मान्य आहे. तीन कॉलमांत दुसरा मथळा बसत नाही. मग ‘इराककडे शस्त्रे : पॉवेल’ एवढं तरी बसतं. मी त्या रात्री दिलेल्या मथळ्यात ‘पुरावे सादर’ असे शब्द होते, आणि कुणाचं नाव नव्हतं.

त्यानंतर काही सवयी मी जाणूनबुजून लावून घेतल्या. युद्धाच्या बातमीत प्रत्येक दाव्याला बोलणाऱ्याचं नाव, वाचताना खडे लागले तरी चालतील. क्रियापद ‘म्हणाले’ किंवा ‘सांगितले’, बस. ‘सूत्रांनी सांगितले’ असेल तर सूत्रांना हे छापून यायला का हवं आहे, हे वार्ताहराला विचारायचं, आणि उत्तर नसेल तर कॉपी परत. दोन स्रोत असतील तर दोघांना ते कुठून कळलं, हेही विचारायचं. सर्वांत महत्त्वाचं : पहिल्या पानावर चालवलेल्या दाव्याबद्दल शंका आली, तर ती पहिल्या पानावरच लागली पाहिजे, यासाठी बैठकीत भांडायचं. मी दर वेळी जिंकलेलो नाही. अधिकृत स्रोत तुटेल ही भीती वार्ताहराला असते, ती खोटी नाही. पण शस्त्रांबद्दल खरं सांगू शकणारी माणसं त्या स्रोतांमध्ये नव्हतीच, हे नाइट रिडरच्या दोघांनी दाखवून दिलं. हे क्रियापद मी इथे विचार करून वापरतोय.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २००४ मध्ये शस्त्रं शोधायला गेलेले डेव्हिड के सिनेटच्या समितीसमोर म्हणाले की आपण जवळपास सगळेच चुकलो होतो. तोवर युद्ध पेटलेलं होतं. ते संपेपर्यंत अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार आणि ब्रिटनचे १७९ सैनिक गेले, इराकी नागरिक लाखाहून जास्त. २६ मे २००४ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांनी वाचकांसाठी निवेदन छापलं की आपल्या काही बातम्या पुरेशा कठोरपणे तपासल्या गेल्या नव्हत्या. नळ्यांची शंका कितव्या पानावर गेली, तेही त्यात कबूल केलं होतं. ते निवेदन १०व्या पानावर होतं.

आमच्या अंकात ५ फेब्रुवारीच्या त्या बातमीबद्दल खुलासा कधीच आला नाही. माझी कॉपी होती, मागायचा तर मीच मागायला हवा होता. मी मागितला नाही.